‘काहीही सापडले नाही’: तीन शब्दांच्या एका वाक्याची समीक्षा



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या माणसाने समीक्षा करायची तर एखाद्या ग्रंथाची करावी, फार तर एखाद्या मताची. आम्ही आज तीन शब्दांच्या एका वाक्याची करणार आहोत. तुम्ही कुठल्याही वेब-ॲपमध्ये जा. वर एक लांबट चौकट असते, शेजारी भिंगाचं चित्र. त्यात आपण काहीतरी टाइप करतो, आणि पुष्कळदा उत्तर येतं: ‘काहीही सापडले नाही.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी इतक्या वेळा वाचलंय, की ते कुणीतरी लिहिलेलं आहे हेच विसरलोय. लिहिलेलं असेल तर त्याचा कुणी लेखक आहे, आणि लेखक असेल तर त्याला जाब विचारता येतो. समीक्षेला एवढं पुरतं.

आधी एक उदाहरण घेऊ. एका वाचनालयाने आपल्या पुस्तकांची यादी वेब-ॲपवर आणली. काम चांगलं, कष्टाचं, त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. म्हणून नाव सांगत नाही. त्या चौकटीत आम्ही टाइप केलं, ‘वाऱ्यावरची वरात’. पु. लं.चं पुस्तक मराठी वाचनालयात नाही, हे म्हणजे देवळात घंटा नाही म्हणण्यासारखं. उत्तर आलं, ‘काहीही सापडले नाही.’ काउंटरवरच्या बाईंना विचारलं. त्या उठल्या आणि दोन मिनिटांत पुस्तक घेऊन आल्या.

असं का व्हावं? कारण मजेशीर आहे. ‘वाऱ्या’मधला तो जो ऱ्य आहे ना, आडव्या अर्ध्या र-चा, तो संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका तऱ्हेत युनिकोडमधला ‘ऱ’ हा वेगळा वर्ण, मग हलन्त, मग य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा एक जोडक, आणि मग य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं जे नेहमीचं सामान्यीकरण आहे, त्यानेही ते एक होत नाहीत. त्यासाठी ॲप करणाऱ्याला मुद्दाम सोय करावी लागते. यादी भरणाऱ्याच्या कळफलकाने एक तऱ्हा वापरली, आमच्या फोनने दुसरी. ‘ॲप’ या शब्दाचंसुद्धा तेच. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र वर्ण म्हणून आलं. त्याआधी लोक अ-वर चंद्र ठेवून काम भागवत, आणि अजूनही कित्येक जण तसंच करतात.

आता तांत्रिक दोष हा काही समीक्षेचा विषय नव्हे. तो आज ना उद्या दुरुस्त होईल. आमचा आक्षेप त्या वाक्यावर आहे. यंत्राला पुस्तक दिसलं नाही, इथवर ठीक. पण न दिसण्याची बातमी त्याने ज्या शब्दांत दिली, त्या शब्दांचा त्याला अधिकार होता का?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, बरं का. ‘भूतलावर घट नाही’, म्हणजे जमिनीवर मडकं नाही, हे आपल्याला कशाने कळतं? डोळ्यांना जमीन दिसते. ‘नाही’ कुठे दिसतं? नैयायिक म्हणाले, प्रत्यक्षानेच कळतं, अभाव हा जमिनीचं विशेषण म्हणून इंद्रियाला भेटतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले, छे, यासाठी वेगळं प्रमाण मानायला हवं, त्याचं नाव अनुपलब्धी. सहा प्रमाणांतलं हे सहावं. प्रभाकराच्या अनुयायांना ते मान्य नाही, त्यांची पाचच. शेकडो वर्षं हा वाद चालला. पण गंमत अशी की भांडणारे सगळे एका अटीवर सहमत आहेत. ती अट म्हणजे योग्यता. मडकं असतं तर दिसलं असतं, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, मध्ये पडदा नको. काळोख्या खोलीत मडकं दिसलं नाही, म्हणून ‘मडकं नाही’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसेल कदाचित, पण त्याच्याजवळ प्रमाण नाही. परंपरेतलं दुसरं उदाहरण पिशाचाचं. खांबावर पिशाच दिसत नाही, म्हणून ते तिथे नाही असं सिद्ध होत नाही. कारण पिशाच असतं तरी दिसलं नसतंच!

बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने याला आणखी धार लावली. तो म्हणतो, दृश्य वस्तूची अनुपलब्धी असेल तरच अभाव सिद्ध होतो. वस्तू देशाने दूर असेल, काळाने दूर असेल किंवा स्वभावानेच अदृश्य असेल, तर तिच्या न दिसण्यातून फक्त संशय निर्माण होतो, निश्चय नव्हे.

आता हे वाचनालयाच्या ॲपला लावून बघा. देशाने दूर म्हणजे पुस्तक दुसऱ्या शाखेत आहे आणि ही चौकट फक्त याच शाखेत शोधते. काळाने दूर म्हणजे पुस्तक गेल्या आठवड्यात आलंय आणि शोधाची सूची महिन्यातून एकदा ताजी होते. स्वभावाने अदृश्य म्हणजे ते पानापानाचे फोटो काढून ठेवलेलं पुस्तक आहे. माणसाला अक्षरं दिसतात, यंत्राला नुसतं चित्र. किंवा ते युनिकोड येण्याआधीच्या एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे. तिथे आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, वर देवनागरीचा मुखवटा. या तिन्ही ठिकाणी ॲपने म्हणायला हवं, ‘सांगता येत नाही.’ ते म्हणतं, ‘काहीही सापडले नाही.’ काहीही! त्या एका ‘ही’मध्ये केवढा आत्मविश्वास आहे बघा.

इथे कुणी म्हणेल, आणि आमच्या एका तरुण मित्राने तसं म्हटलंही, की ‘सर, वाक्य तर खरंच आहे. सापडलं नाही एवढंच म्हटलंय, अस्तित्वात नाही असं कुठे म्हटलंय?’ हा युक्तिवाद चतुर आहे. पण पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९६७च्या हार्वर्डमधल्या व्याख्यानांत याचं उत्तर देऊन ठेवलंय. माणूस शब्दांनी जे सांगतो ते एक, आणि बोलण्यातून जे सूचित करतो ते दुसरं. संवादात आपण गृहीत धरतो की समोरचा जरुरीपुरती सगळी माहिती देतोय, हातचं राखून बोलत नाहीये. तुम्ही मला विचारलंत, ‘घरात साखर आहे का?’, आणि मी म्हटलं, ‘मला सापडली नाही.’ तुम्ही काय समजाल? मी डबे उघडून बघितले असं. मी जर खुर्चीतून उठलोच नसेन, तर माझं वाक्य शब्दशः खरं राहील आणि तरीही मी तुम्हाला फसवलेलं असेल. ॲपचं वाक्य याच जातीचं आहे.

आणि यात कुणाचं काही बिघडतं का? बिघडतं. वाचनालयात पुस्तक मिळालं नाही तर फार तर चुटपुट लागते. पण आता मतदार यादीतलं नाव अशाच चौकटीतून शोधायचं असतं, जमिनीचा उतारा तसाच, परीक्षेचा बैठक क्रमांक तसाच, निवृत्तिवेतनाच्या अर्जाची स्थितीही तशीच. खेड्यातली एखादी आजी नातवाला म्हणते, ‘माझं नाव बघ रे.’ नातू आडनाव टाइप करतो. आडनावात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक असतो, नाहीतर यादीत नवऱ्याचं नाव आधी आणि हिचं नंतर असतं. उत्तर येतं, सापडले नाही. नातू सांगतो, ‘आजी, तुझं नाव नाही.’ बघा, ‘सापडले नाही’चं ‘नाही’ व्हायला एका पिढीचं अंतरसुद्धा लागलं नाही, एक वाक्य पुरलं. आजी मतदानाला जात नाही. आमचे विद्यार्थी हेच पुस्तकी पातळीवर करतात. दोन संकेतस्थळांवर शोधतात आणि प्रबंधाच्या प्रस्तावनेत बिनदिक्कत लिहितात, ‘या विषयावर मराठीत लेखन झालेले नाही.’

मराठीची गोष्ट निघालीच आहे तर थोडं थांबू, कारण आपल्या भाषेत हा प्रश्न जास्त अवघड आहे. इंग्रजीत शब्दाला बहुधा शेवटी एखादं अक्षर चिकटतं. आपल्याकडे शब्द अंगानेच बदलतो. ‘पाणी’ शोधा, मजकुरात आहे ‘पाण्याचे’. ‘देऊळ’ शोधा, मजकुरात ‘देवळात’. पहिलं अक्षर सोडलं तर सगळाच वेश बदलला. पुन्हा लेखनाचे नियम. साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’ आहे, ‘कांहीं’ आहे, ‘कवि’ ऱ्हस्व आहे. आजचा वाचक ‘नाव’ टाइप करणार. म्हणजे भाषा एकच, पण शोधाच्या दृष्टीने १९६२च्या अलीकडे एक मराठी आणि पलीकडे दुसरी. हे सगळं यंत्राने आपोआप जुळवावं, ही अपेक्षा रास्त आहे. पण ती पुरी होईपर्यंत यंत्राने निदान सांगावं तरी, की ‘आम्ही फक्त हेच रूप शोधलं.’

आणि त्या मराठी वाक्यांचं मराठी! कित्येक ठिकाणी लिहिलेलं असतं, ‘० परिणाम’. अहो, परिणाम औषधाचा होतो, उपदेशाचा होत नाही. शोधातून जे हाती लागतं त्याला आपण कधी परिणाम म्हटलंय? इंग्रजी शब्दाच्या जागी शब्दकोशातला पहिला शब्द ठेवून दिला, झालं. त्याखाली ‘पुन्हा प्रयत्न करा’. कशाचा प्रयत्न? तेच टाइप केलं तर तेच येणार. कुठे तर ‘कृपया योग्य शब्द टाका’. म्हणजे अयोग्य आम्ही! न सापडण्याचं खापर शोधणाऱ्याच्या डोक्यावर. जुन्या वाचनालयांतले काही ग्रंथपाल मानही वर न करता ‘नाही’ म्हणायचे, हे आम्हाला आठवतं. त्या काळाचे गोडवे गायचं कारण नाही. पण चांगला ग्रंथपाल काय म्हणायचा? ‘आहे, पण बाहेर गेलंय.’ ‘ते नाही, पण त्यांचंच दुसरं आहे.’ ‘मागच्या खोलीत असेल, उद्या बघून ठेवतो.’ ही तीन वेगळी ‘नाही’ आहेत आणि तिन्हींनंतर वाचकाने वेगवेगळं वागायचं असतं. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. ‘नाही’ नेमकं सांगितल्याने जितका वेळ वाचतो तितका ‘आहे’ झटपट सांगितल्यानेही वाचत नसेल.

न्याय-वैशेषिकांनी अभावाचेही प्रकार केले. वस्तू अजून झालेली नाही तो प्रागभाव. होती आणि नष्ट झाली तो प्रध्वंसाभाव. त्रिकाळी नाहीच तो अत्यंताभाव. चौथा अन्योन्याभाव, तो आज बाजूला ठेवू. आता ॲपकडे बघा. तुम्ही शब्द टाइप केला, विनंती सर्व्हरकडे गेली, उत्तर वाटेत आहे. तेवढ्यात पडद्यावर क्षणभर झळकतं ‘काहीही सापडले नाही’, आणि मग यादी येते. पाहिलंय ना तुम्ही? हा प्रागभाव, पण सांगितला अत्यंताभाव म्हणून. पुसून टाकलेल्या नोंदीबाबत प्रध्वंसाचं तेच होतं. ‘ही नोंद काढून टाकली आहे’ असं म्हणायला कुणाचं काय जातं?

वाट पाहण्याच्या बाबतीत या क्षेत्रातले लोक बरेच सावध आहेत, हे मान्य करायला हवं. जेकब नील्सन यांनी १९९३च्या पुस्तकात तीन मर्यादा सांगितल्या होत्या. सेकंदाच्या एक दशांशात प्रतिसाद आला तर माणसाला तो तत्काळ वाटतो. एका सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही. दहा सेकंदांपलीकडे लक्ष उडतं. म्हणून मग ते फिरणारं चक्र दाखवतात. पण चक्र एवढंच सांगतं की काहीतरी चाललंय. काय चाललंय ते सांगत नाही. टाइप करता करता शोधणाऱ्या ॲपमध्ये तर आणखी घोळ. तुम्ही ‘कु’ लिहिता, ‘कुमा’ लिहिता, ‘कुमारिल’ लिहिता. तीन विनंत्या गेल्या. कधी कधी पहिलीचं उत्तर तिसरीच्या नंतर पोहोचतं आणि पडद्यावर बसून राहतं. वर प्रश्न ‘कुमारिल’, खाली उत्तरं ‘कु’ची. यावर उपाय ठाऊक आहेत: टाइप करणारा थबकेपर्यंत थांबावं, शिळं उत्तर टाकून द्यावं. तरी होतं. आमच्या मते याचं कारण आळस नव्हे. उत्तर कोणत्या प्रश्नाचं आहे हे उत्तराबरोबरच सांगायला हवं, हा विचारच मुळात केलेला नसतो. शोधलेला शब्द यादीच्या डोक्यावर पुन्हा लिहा, अर्धा घोळ मिटेल.

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो तो दोष वेगळाच आहे, आणि तो पडद्यावर दिसतसुद्धा नाही. नेट तुटलं, किंवा सर्व्हर बंद पडला. उत्तर आलंच नाही. ॲप लिहिणाऱ्याने सोय अशी केलेली असते की काही बिघडलं तर यादी रिकामी समजावी, म्हणजे ॲप कोसळणार नाही. आणि यादी रिकामी असेल तर काय दाखवायचं? तेच तीन शब्द. ‘उत्तर आलं नाही’ आणि ‘नाही असं उत्तर आलं’ या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निरोप्या वाटेत पडला, आणि आपण समजतोय की पाहुण्यांनी नकार कळवला! आमच्या आजीचं नाव यादीत असेल, चौकट बरोबर असेल, नातवाने टाइपही बरोबर केलं असेल. गावात त्या वेळी रेंज नव्हती, एवढंच.

मग तो तरुण मित्र विचारतो, ‘सर, तुम्ही सांगा, काय लिहायचं? लोक तर वाचतच नाहीत.’ लोक वाचत नाहीत हे खरं, पण त्याचं एक कारण हेही की तिथे वाचण्यासारखं काही नसतं. समजा एखाद्या शाखेच्या यादीत बारा हजार नोंदी आहेत. तर लिहावं: ‘“वाऱ्यावरची वरात” या नावाशी जुळणारी नोंद या शाखेच्या १२,००० नोंदींत मिळाली नाही.’ पुढे बारीक अक्षरांत: ‘“फक्त नवी पुस्तके” ही अट सुरू आहे, ती काढून बघा. १९९० पूर्वीची पुस्तके अजून कार्डांवर आहेत, काउंटरवर विचारा.’ पहिलं वाक्य सगळे वाचतील, दुसरं ज्याला गरज आहे तो वाचेल. कुठे शोधलं, काय शोधलं, कोणत्या अटी होत्या: हा झाला योग्यतेचा हिशेब. तो मांडला की वाचक स्वतः ठरवतो की हा निश्चय मानायचा की संशय. अटी विसरणं तर फारच साधं आहे. मागच्या वेळी लावलेली गाळणी तशीच राहते आणि माणूस ‘जग रिकामं झालं’ म्हणून बसतो.

गूगलवर कधी एखाद्या निकालाखाली तुमचा एखादा शब्द काट मारून दाखवलेला असतो, म्हणजे ‘हा शब्द या पानात नाही, तरी पान दाखवतोय.’ आम्हाला ती छोटीशी काट फार आवडते. प्रामाणिक आहे. शब्द परस्पर दुरुस्त केला तरी तिथे सांगतात, अमुक शोधतोय, तुम्ही लिहिलेलं हवं असेल तर इथे दाबा. हे सौजन्य आहे.

पण याच्या उलट टोकाला गेलेलीही ॲप आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही याचं नवल वाटतं. काही दुकानदारी ॲपना ‘नाही’ म्हणताच येत नाही. तुम्ही तांब्याचा तांब्या मागता. पडद्यावर प्लॅस्टिकचे जग, स्टीलच्या बाटल्या, तांबड्या रंगाची चादर. पानामागून पान. तुमच्या हवं ते इथे नाही, हे कुणीच सांगत नाही, तुम्ही आपले खाली सरकत राहता. ‘नाही’ हेही ज्ञान आहे, आणि ते मिळाल्यावर माणूस उठून दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. नेमकं तेच त्यांना नको असतं. खोटा नकार आणि लपवलेला नकार यांत डावं-उजवं करायचं झालं तर आम्ही लपवलेल्याला जास्त वाईट म्हणू, कारण पहिल्यात बहुधा अनवधान असतं, दुसऱ्यात हिशेब.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात एक कोडं आहे. जे ठाऊक आहे ते शोधण्याची गरज नाही. जे ठाऊक नाही ते शोधता येत नाही, कारण सापडलं तरी ओळखणार कसं? सॉक्रेटिसाचं पूर्वजन्मीच्या स्मरणाचं उत्तर आपण बाजूला ठेवू. व्यवहारात उत्तर असं की शोधणाऱ्याला अर्धवट ठाऊक असतं, आणि वाटेत त्याचा प्रश्नच बदलतो. मार्सिया बेट्स या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी १९८९मध्ये याला झुडपावरून बोरं वेचण्याची उपमा दिली होती: एक इथे, एक तिथे, आणि पुढचं कुठे बघायचं ते आत्ताच्या बोरावरून ठरतं. म्हणजे ॲपचा प्रतिसाद हा शोधाचा शेवट नाही, पुढच्या प्रश्नाचा कच्चा माल आहे. ‘अनुपलब्धि’ ऱ्हस्व लिहून काही आलं नाही, पण ॲपने म्हटलं, ‘आमच्या यादीत “अभाव” या विषयाखाली नोंदी आहेत’, तर तिने मला भांडाराची भाषा शिकवली. ग्रंथपाल हेच करतो.

शेवटचा एक मुद्दा, मग प्रश्न घेऊ. आमचे एक दृष्टिहीन विद्यार्थी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात. ते सांगत होते, ‘सर, तुम्ही त्या तीन शब्दांवर रागावता. मला ते तीन शब्दसुद्धा ऐकू येत नाहीत.’ यादी बदलते, रिकामी होते, चक्र फिरतं, सगळं नजरेसाठी. वाचकयंत्राला कुणी कळवतच नाही की काही घडलं. २०१८च्या वेब सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत, आवृत्ती २.१ मध्ये, ४.१.३ हा निकष नेमका याचसाठी घातला आहे: स्थितीचे संदेश असे मांडा की वापरणाऱ्याला तिथवर जावं न लागता ते वाचकयंत्राला कळतील. ज्या घटकात ‘१८ नोंदी मिळाल्या’ असं लिहायचं, त्याला ‘स्थिती’ अशी भूमिका दिली की काम होतं. एका ओळीचं काम आहे. ते आता कुठलंही नवं ॲप उघडलं की आधी मुद्दाम अर्थहीन अक्षरं टाइप करतात आणि कान देऊन बसतात. ‘नाही’ ऐकू आलं तरच पुढे वापरतात.

बोला आता, प्रश्न कुणाचे आहेत? मागच्या रांगेतून सुरू करू.